सासूबाईंचा कॉम्प्युटर आणि अकरा जणींची अंडी

कुबातने कॉम्प्युटरमधून जी वस्तू काढली ती नाण्याएवढी चपटी होती, आणि तीही त्याने फक्त अर्ध्या तासासाठी काढली होती. हे दोन मुद्दे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे जे घडलं त्यात त्याच्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

कुबात घरजावई. कारा-बाल्टा शहराच्या अलीकडच्या एका गावात तो नऊ वर्षं सासूच्या घरी राहत होता. बापाच्या घरी चार भाऊ आणि दोन खोल्या, म्हणून लग्न झाल्यावर तो 'थोडे दिवस' इकडे आला, आणि ते थोडे दिवस अजून संपायचे होते. गावात घरजावयाला तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. फक्त तो दुकानात शिरला की कोणीतरी सहज विचारतं, "काय रे, आज सासूने सोडलं वाटतं?" कुबात हसण्यावारी नेई. दुसरं करणार काय? तो खरोखरच विचारून आलेला असे.

सासूबाईंचं नाव सोनुनबूबू. सगळा गाव त्यांना 'आपा' म्हणजे आई म्हणे, आणि कुबातही. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे गावातलं कोणीही त्यांच्यासमोर उभं राहिलं की त्याला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटे. कुबात त्यांच्या शाळेत नव्हता. त्याला ते लग्नानंतर वाटायला लागलं.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. आपांचे यजमान शार्शेनबेक हे साखर कारखान्यात इंजिनियर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी दोन मोडके फ्रिज पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यांचं अंडी उबवायचं कपाट केलं. कारखान्यातलाच एक कॉम्प्युटर घरी आणला, त्यात अठ्ठ्याण्णव सालचं विंडोज होतं, आणि एक अख्खा हिवाळा बसून स्वतः प्रोग्रॅम लिहिला. कितव्या दिवशी किती ऊब द्यायची, किती ओल ठेवायची, वारा कधी सोडायचा, हे सगळं तो प्रोग्रॅम तारीख बघून ठरवी. शार्शेनबेक जाऊन बारा वर्षं झाली होती. फ्रिज तेच, कॉम्प्युटर तोच, आणि विंडोजही तेच.

ते चालू ठेवणं हे आपांचं व्रत होतं. मागच्या कोठीत त्याच काळातले तीन मेलेले कॉम्प्युटर त्यांनी जपून ठेवले होते. इकडचा पंखा गेला की तिकडचा काढून बसवायचा. धूळ हंसाच्या पिसाने झाडायची. पंख्याला शिलाई मशीनचं तेल सोडायचं, दोनच थेंब. डब्याचं एका बाजूचं झाकण तर कित्येक वर्षं काढूनच ठेवलं होतं, म्हणजे त्याला मोकळा श्वास घेता येतो. इंटरनेटची तार त्यांनी त्याच्या जवळसुद्धा फिरकू दिली नव्हती. "अठ्ठ्याण्णवनंतर जगात जे रोग आले ते त्याला ठाऊकच नाहीत," आपा म्हणत. "आपण कशाला ओळख करून द्यायची?" आणि दर वसंतात अंडी आत ठेवायच्या दिवशी आर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या पाल्याची धुनी पेटवून त्या कॉम्प्युटरची दृष्ट काढत. कुबातच्या दोन मुलांची दृष्ट त्यांनी एकदाच काढली होती.

त्या वर्षी कपाटात हंसांची एकशे चोपन्न अंडी होती. सगळी आपांची नव्हती. गावातल्या बायका आपापल्या हंसिणींची अंडी आणून देत, आणि घोटाळा नको म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने मालकिणीचं नाव असे. बातमा, आसिल, गुल्यार, तुर्सुन, अशा अकरा जणी. तिकडे हंस म्हणजे चेष्टा नाही. हिवाळ्याचं मांस, उशीची पिसं, लेकीच्या सासरी न्यायचा मान, सगळं त्याच अंड्यांतून बाहेर यायचं असतं.

अंडी अकरा मार्चला आत गेली. एप्रिलच्या पाच तारखेला आपांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राजधानीत, बिश्केकला बोलावणं आलं. सोबत कुबातची बायको जिबेक निघाली, आणि मुलंही, कारण बिश्केकला मावशी होती आणि मावशीकडे मोठा टीव्ही होता. घर, हंस, अंडी आणि कॉम्प्युटर हे सगळं कुबातच्या स्वाधीन झालं.

"बाला," आपा गाडीत बसताना म्हणाल्या. (बाला म्हणजे पोर. कुबात अडतीस वर्षांचा होता.) "लाइट गेली तर घाबरायचं नाही. लाइट आली की तो आपोआप उठतो, तारीख बघतो आणि कामाला लागतो. तू फक्त त्या खोलीचं दार लावून घे."

"लावतो, आपा."

"बाहेरून."

पहिला दिवस सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुबातच्या जुन्या जपानी गाडीवर मांजर उडी मारून बसलं आणि गाडीचा भोंगा सुरू झाला. भोंगा बंद करायचं बटण किल्लीवर असतं. कुबातने ते दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. किल्लीतली बॅटरी संपली होती. गाडी केकाटत होती, तिला साथ द्यायला अंगणातले सव्वीस हंस केकाटत होते, आणि कुंपणापलीकडून शेजारच्या गुल्यार एजे (एजे म्हणजे ताई) ओरडत होत्या, "कुबात, कोणाला मारतोयस का रे?"

तेव्हा कुबातला आठवलं. मागे आपा कॉम्प्युटर साफ करत असताना तो टॉर्च धरून उभा होता (एवढंच काम त्याच्याकडे येई), तेव्हा त्याने आत अगदी अशीच चपटी बॅटरी पाहिली होती. झाकण तर काढलेलंच होतं. तो आत गेला, श्वास रोखून नखाने बॅटरी उचकली, आणि डोळे मिटून उभा राहिला.

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला, कपाटाची ऊब होती तेवढीच राहिली, पडद्यावर '२७वा दिवस' असंच होतं. कुबातला फार आश्चर्य वाटलं, मग थोडा अभिमानही. म्हणजे या बॅटरीचा काही उपयोगच नव्हता तर. इतकी वर्षं आपा ती उगाच आत ठेवत होत्या. त्याने भोंगा बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि अर्ध्या तासाची गोष्ट विसरून गेला.

सात तारखेला सकाळी नऊ वाजता गावाची लाइट गेली.

कुबात घाबरला नाही. घाबरायचं नाही असं त्याला सांगितलेलं होतं. त्याने खोलीचं दार बाहेरून लावलं आणि चहा प्यायला बसला. वीस मिनिटांनी लाइट आली. तो दाराशी कान लावून उभा राहिला. आतून नेहमीची घरघर यायला हवी होती, ती येईना. एक बारीक 'टीट' एवढंच आलं.

त्याने दार उघडलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी दोन वाक्यं होती आणि खाली कुठलीतरी कळ दाबायची विनंती होती. कुबातला इंग्रजी येत नसे, त्यामुळे त्याने सगळ्याच दाबल्या. बऱ्याच वेळाने कॉम्प्युटर जागा झाला, ढग-ढग आकाश दिसलं, सासऱ्यांचा प्रोग्रॅम उघडला. कुबात 'हुश्श' म्हणणार एवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली:

'अंडी ठेवायच्या तारखेला अजून ९५६६ दिवस आहेत. एवढी घाई कशाला? हीटर बंद.'

शार्शेनबेक मोठे विनोदी गृहस्थ होते म्हणतात. कुबातला त्या घटकेला ते पटलं नाही. त्याने कोपऱ्यातली तारीख पाहिली. एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. ती निरुपयोगी बॅटरी नेमकं काय करत होती हे त्याला आता समजलं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटरला आजचा दिवस कोणता हे लक्षात ठेवायला तीच तर होती.

कपाटाच्या काचेला कान लावला तर अंड्यांच्या आतून बारीक 'ची ची' येत होती. अठ्ठाविसावा दिवस. पिल्लं बाहेर यायच्या तयारीत होती आणि कॉम्प्युटरच्या मते त्यांच्या आज्यांच्या आज्यासुद्धा अजून जन्मायच्या होत्या.

त्याने पळत जाऊन किल्लीतली बॅटरी काढली, जागेवर बसवली. आकडा ९५६६ वरून हलेना. खाली मात्र 'तारीख चुकली असल्यास इथे लिहा' अशी ओळ होती. देव पावला, असं म्हणत कुबातने आधी दिवस लिहिला, सात, मग महिना, चार, मग साल, आणि कळ दाबली.

आता प्रोग्रॅम कितीही घरचा असला तरी कॉम्प्युटर इंग्रजी वळणाचा होता. तो आधी महिना वाचतो. त्याच्या मते आता जुलैची चार तारीख उजाडली.

'११६वा दिवस,' पडद्यावर आलं. 'पिल्लं अजून आत असतील तर ती पिल्लं नव्हेत. कपाट थंड करतो.'

आणि कपाटाच्या माथ्यावरची झडप उघडून मोठा पंखा सुरू झाला. एप्रिलचा बोचरा वारा थेट अंड्यांवर. त्याने पुढचामागचा विचार न करता भिंतीतली वायर खस्सकन उपटली.

थोड्या वेळाने, निवांत झाल्यावर, त्याने ती परत लावली. कॉम्प्युटरच्या पोटातून 'टक... टक... टक' असा आवाज आला, जणू कोणीतरी आतून दार ठोठावून कंटाळतंय, आणि मग तोही थांबला. पडदा काळाच राहिला.

हीटर थेट वायरीला जोडावा असं त्याच्या मनात आलं. त्याने मागची पेटी उघडून पाहिली. सासऱ्यांना कारखान्यातून एकाच रंगाची वायर मिळाली होती. चाळीस वायरी आणि चाळीसही निळ्या. त्याने पेटी हळूच बंद केली.

मग त्याने कारा-बाल्टाच्या बाजारातल्या किमला फोन लावला. किम तीस वर्षं रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करत आला होता.

"किमसाहेब, माझ्या एका मित्राकडे जुना कॉम्प्युटर आहे. अठ्ठ्याण्णवचं विंडोज. तो सुरूच होत नाहीये."

"कुठल्या मित्राकडे?"

"आहे एक. लांब राहतो."

"असा कॉम्प्युटर या तालुक्यात एकच आहे," किम म्हणाला. "आणि तो बिघडला तर मला काही येत नाही. मीच कुठे अडलो की सोनुन आपांना फोन करतो. त्यांना विचार ना."

"त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना त्रास नको."

"मग मी विचारू?"

"नको," कुबात इतक्या जोरात म्हणाला की अंगणातले हंस दचकले. त्याने फोन ठेवला.

खरं तर तेव्हाच आपांना सांगितलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. पण कुबातला त्यांचा आवाज आधीच ऐकू येत होता. रागाचा नाही. आपा कधी रागवत नसत. त्या फक्त शांतपणे विचारत, "असं का केलंस, समजावून सांग," आणि मग फळ्यापाशी उभं राहिल्यासारखं सगळं पायरी-पायरीने सांगावं लागे. मांजरापासून.

एवढ्यात कुंपणावरून गुल्यार एजेंनी मान काढली. साठीच्या विधवा बाई, शेतात निम्मा वेळ आणि कुंपणावर निम्मा. "कुबात, माझी तेवीस अंडी कशी आहेत रे?"

"मजेत आहेत, एजे."

"आवाज येतोय का आतून?"

"येतोय ना."

"मग तू का रडवेला झालायस?"

"कांदा चिरतोय," कुबात म्हणाला. त्याच्या हातात किल्ली होती.

ऊब कुठून आणायची? घरातली शेगडी एवढ्या अंड्यांना पुरणार नव्हती. मग त्याची नजर अंगणातल्या बान्यावर गेली, म्हणजे लाकडं पेटवून तापवायच्या बाफेच्या न्हाणीघरावर. ऊब, ओल, फळ्यांची उतरंड, सगळं तयार. त्याने लाकडं पेटवली आणि पितळी परातींत, कपड्यांच्या टोपल्यांत, जिबेकच्या लग्नातल्या गादीवर ठेवून एकेक खेप करत एकशे चोपन्न अंडी आत नेली. एकही फुटलं नाही. (हे तो आजही सांगतो. कोणी विचारत नाही.)

पण बान्याला कुठला प्रोग्रॅम असतो? ती नुसतीच तापत जाते. घरात तापमापक म्हटलं तर तापाचाच होता, मुलांचा. कुबातने तो अंड्यांमध्ये खोचला. अडतीसच्या वर गेला की दार किलकिलं करायचं, सदतीसच्या खाली आला की ओढून घ्यायचं. शिवाय मध्ये झटकायचा, पाणी शिंपडायचं, गार कोपऱ्यातली अंडी पुढे, पुढची मागे. अर्ध्या तासात तो घामाने निथळला. त्याने शर्ट काढला, मग पँट, मग डोक्याला झळ लागू नये म्हणून लोकरी टोपी घातली. चड्डी आणि टोपी अशा अवस्थेत एक थोराड माणूस अठ्ठ्याण्णव सालच्या विंडोजचं काम करू लागला, आणि विंडोज ते पगाराविना इतकी वर्षं कसं करत होतं याचं त्याला नवल वाटलं.

दुपारी बाराला जिबेकचा फोन आला.

"सगळं ठीक ना?"

"एकदम."

"तुला धाप का लागलीय?"

"हंस पळाले होते. धरून आणले."

"बरं. आपांना कॉम्प्युटरचा आवाज ऐकायचाय. डोळ्याला पट्टी आहे ना, चैन पडत नाहीये त्यांना. फोन जरा त्याच्यापाशी धर."

कुबातच्या अंगावर, एवढ्या उकाड्यात, काटा आला. तो चड्डीवर अंगण ओलांडून घरात पळाला. कॉम्प्युटर मेल्यासारखा गप्प. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि फोन स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या पाठीला टेकवला. फ्रिज प्रामाणिकपणे घरघरला.

"बरं," मग आपांचा आवाज आला. एवढंच. फोन बंद.

कुबातला वाटलं, निभावलं. तो परत बान्यात शिरला. त्याला आता अंड्यांची थोडी माया लागली होती. भीतीत माणूस जवळच्याशी बोलतो, आणि जवळ अंडीच होती. प्रत्येकीवर नाव होतंच.

"आसिल, तुला फार उकडतंय, तू जरा दाराशी ये," तो हळू आवाजात म्हणे. "बातमा, तू खाली सरक, वर जागा कर. तुर्सुन, पाठीवर किती वेळ पडून राहशील, कूस बदल. हां, अश्शी."

कुंपणापलीकडे गुल्यार एजेंना केव्हापासून धूर दिसत होता. भर दुपारी, बायको गावाला गेलेली असताना या माणसाने बान्या का पेटवावी? शिवाय तो चड्डीवर पळत घरात गेला आणि तसाच पळत परत आला हेही त्यांनी पाहिलं होतं. त्या कुंपणाच्या फटीतून आत आल्या आणि बान्याच्या भिंतीला कान लावला. आतून कुबातचा लाडाचा आवाज येत होता.

"मरियम, तुझा नंबर नंतर. आणि गुल्यार, तू अशी कोपऱ्यात गार का पडलीस? इकडे ये, माझ्याजवळ."

गुल्यार एजेंनी भिंतीवरून कान काढला. मग फाटकाबाहेर जाऊन, हात हृदयावर ठेवून, त्यांनी जिबेकला फोन केला.

"जिबेक, पोरी, मन घट्ट कर. तुझा नवरा बान्यात बायका घेऊन बसलाय."

"किती?"

"आसिल, बातमा, तुर्सुन, मरियम... मी दहा-अकरा मोजल्या."

"आसिल आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, एजे."

"तेच तर. आणि पुढचं ऐक. मी पण आहे आत."

"एजे, तुम्ही आता कुठे आहात?"

"रस्त्यावर. पण त्याने माझं नाव घेतलं."

गुल्यार एजे तेवढ्यावर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या आणि त्या थांबल्याही नाहीत. ज्यांची ज्यांची नावं ऐकली त्या प्रत्येकीच्या दारात जाऊन त्यांनी तिला कळवलं की तू कुबातच्या बान्यात आहेस. प्रत्येकीने आधी कपाळावर हात मारला, मग रुमाल बांधला आणि आपण तिथे नाही हे दाखवायला तिथे आली. तासाभरात अकराच्या अकरा जणी अंगणात जमल्या. आसिल आजींना नातवाच्या सायकलवर बसवून आणलं होतं.

कुबातने दाराच्या फटीतून पाहिलं. त्याला वाटलं, यांना अंड्यांचं कळलं. किमने सांगितलं असणार. त्याने आतून कडी घातली आणि तापमापक झटकला.

अडीचच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली. आपा उतरल्या, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, मागे जिबेक. बायका बाजूला झाल्या. आपा सरळ बान्याच्या दारापाशी आल्या.

"बाला, दार उघड."

"आपा, उघडता येत नाही," आतून क्षीण आवाज आला. "गार वारा आत येईल."

"कोणाला लागेल गार वारा?" जिबेकने विचारलं.

बायकोच्या आवाजावरून आणि बाहेरच्या कुजबुजीवरून त्याला आता कुठे उमगलं की अंगणात चर्चा अंड्यांची नाही, बायकांची चालली आहे. आणि त्याच्या घाबरलेल्या डोक्यात एक हिशेब झाला. आत बाई आहे असं म्हटलं तर जिबेक चिडेल, फार तर बापाच्या घरी हाकलेल. बॅटरी काढली असं म्हटलं तर आपा म्हणतील, समजावून सांग.

"आत बायका आहेत," तो म्हणाला.

अंगणातल्या अकरा जणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बघा," गुल्यार एजे म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं."

"किती?" आपांनी विचारलं.

"अकरा."

आपांनी मान वळवून एका डोळ्याने अंगण न्याहाळलं. वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेक नाव घेत बोट पुढे नेलं. "बातमा इथे. आसिल इथे. तुर्सुन, मरियम इथे..." शेवटी बोट गुल्यार एजेंवर थांबलं. "अकराच्या अकरा बाहेर आहेत, बाला. अकरातून अकरा गेले. आत किती उरले?"

आतून तापमापक झटकल्याचा आवाज आला.

"शून्य, आपा."

"मग शून्याला गार वारा कसा लागेल? कडी काढ."

कडी निघाली. आधी बाफेचा लोट आला, मग चड्डी आणि टोपीतला कुबात, एका हातात तापमापक घेऊन. आणि त्याच्या पायांमधून, कोणाचीही परवानगी न घेता, एक ओलंचिंब पिवळं पिल्लू अडखळत बाहेर आलं. त्याने अंगणाकडे पाहिलं, ते त्याला आवडलं नसावं, ते वळून परत आत गेलं.

जिबेक हसू दाबत होती ते तिला दाबता येईना. "जरा शोभेल असं तरी खोटं बोलायचंस," ती म्हणाली. "एक म्हणाला असतास तर मी निदान विचार केला असता."

आपा आत गेल्या. तापमापक घेऊन चांगल्या डोळ्याजवळ धरला. सदतीस पूर्णांक चार. त्यांनी परातींवरून हात फिरवला, एका अंड्याला कान लावला.

"फिरवत होतास?"

"दर पंधरा मिनिटांनी."

"शेवटचे तीन दिवस फिरवायची नसतात. भोवळ आली असेल बिचाऱ्यांना." मग त्या म्हणाल्या, "फ्रिजचा आवाज ऐकवलास तेव्हाच मी जिबेकला गाडी बघायला सांगितलं होतं. गुल्यारचा फोन आला तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो. बॅटरी का काढलीस?"

कुबातने टोपी काढली. "कोणी सांगितलं, आपा?"

"सकाळी लाइट गेली होती हे गुल्यारकडून कळलं. लाइट गेल्यावर तो उठला नाही, म्हणजे त्याला दिवस आठवला नाही. त्याला दिवस आठवला नाही, म्हणजे बॅटरी नव्हती. बॅटरीला पाय नसतात. घरात तू एकटा होतास. आता कारण समजावून सांग."

आणि कुबातने सांगितलं. अकरा बायकांसमोर, चड्डीवर, मांजरापासून.

कॉम्प्युटर दुरुस्त व्हायला चार मिनिटं लागली. आपांनी स्वयंपाकघरातून लाकडी डाव आणला, डब्याच्या आत एका ठरावीक जागी त्याच्या दांड्याने हलकेच दोनदा ठोकलं, आणि आतली चकती दमेकऱ्यासारखी खोकून फिरायला लागली. "जुनी झालीय. एकदा थांबली की पुन्हा उठायला मागत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही तसंच होतं." मग पडद्याकडे न बघताच त्यांनी तारीख घातली, आधी महिना, मग दिवस. कपाटात ऊब आली. बायकांनी आपापली अंडी रुमालात, पदरात, कुशीत घेऊन आत नेली. जाताना कुबातकडे एकीनेही रागाने पाहिलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

तीन दिवसांत एकशे एकतीस पिल्लं निघाली. आदल्या वर्षी तेवढ्याच अंड्यांतून कॉम्प्युटरने एकशे अठ्ठावीस काढली होती. हा आकडा आपांना आणि कुबातला, दोघांनाच माहीत होता. कुबातने दोन दिवस वाट पाहिली की आपा काही म्हणतील. तिसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "या वर्षी अंडी चांगली होती."

एक धास्ती मात्र त्याच्या मनातून जाईना. गावात एकदा कोणाचं नाव बायकांच्या भानगडीत आलं की निदान दोन हिवाळे तरी ते पुसलं जात नाही. पोस्टमनचं प्रकरण तर सहा वर्षं चाललं होतं, आणि त्यात एकच बाई होती. कुबातच्या खात्यावर अकरा. आठवडाभर तो गल्लीत तोंड दाखवेना. शेवटी चहापत्ती संपली, आणि तो मान खाली घालून दुकानात गेला. आत तीन-चार बायका उभ्या होत्या, गुल्यार एजे मध्यभागी. तो दाराशीच थबकला.

"ये रे, ये," गुल्यार एजे म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "मला तुझी माफीच मागायची होती. माझ्याच मनात पाप आलं. तुझ्याबद्दल असं काही यायलाच नको होतं."

"असू दे, एजे," कुबात म्हणाला. "ऐकणाऱ्याला संशय येणारच."

"कोणाला येतोय?" पिठाच्या पोत्यावर बसलेल्या आसिल आजी म्हणाल्या. "मला सांगायला आली तेव्हाच मी हिला म्हटलं. कुबातच्या बान्यात बायका? अगं, अंडी असतील."